रहीमसाहेबांचा वर्ग

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी हैदराबाद राज्य हिंदुस्थानच्या नकाशावरून नाहीसे झाले. त्या राज्याचे भाषेप्रमाणे तीन भाग पडले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, बिदर, गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूरकडे गेले आणि तेलंगण आंध्रास मिळाले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला आणि उपांत्य फेरी गाठली. त्या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे एक शाळामास्तर होते. अझीझुद्दीन, नूर महंमद, लतीफ, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुळशीदास बलराम असे त्या पथकातील कितीतरी खेळाडूही हैदराबादेतच घडलेले होते. महिन्यापूर्वी मोडलेल्या राज्याची ही माणसे जगाच्या दुसऱ्या टोकाला देशाचे नाव राखीत होती.

इतिहासाच्या व्यासपीठावरून ही चेंडूची कथा कशासाठी, असा प्रश्न येथे कोणी विचारील तर तो गैर नाही. आपल्या मराठवाड्याला निजामी राजवटीचा इतिहास म्हटला की सत्याग्रह आठवतात, रझाकार आठवतात, १७ सप्टेंबर १९४८ आठवतो, आणि ते आठवलेच पाहिजेत. परंतु त्याच राज्यात शाळा चालत होत्या, मैदाने होती, संध्याकाळी मुले खेळत होती. त्या मैदानांतून जे निर्माण झाले त्याचे आपणही काही नात्याने वारस आहोत, हे आपण विसरून गेलो. हैदराबादचा फुटबॉल म्हणजे तेलंगणाची गोष्ट, असे समजून आपण ती बाजूला ठेवली. आमच्या मते ती तशी बाजूला ठेवण्याजोगी नाही.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. ते उस्मानिया विद्यापीठात शिकले. १९१८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्यासाठी निघाले होते. त्याची एक शाखा म्हणावी असे उस्मानिया कॉलेज आपल्याच गावी होते आणि उर्दूचे मोठे पंडित मौलवी अब्दुल हक हे त्याचे प्राचार्य होते. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांची जी चळवळ उठली तिच्यामुळे ही कॉलेजे आपल्या लक्षात राहिली. तेथे खेळ काय चालत, याची चौकशी करावयास आपल्याला सवड झाली नाही.

विद्यार्थी असताना रहीम विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळत. पुढे विद्यापीठाच्या आजी आणि माजी विद्यार्थ्यांचा 'इलेव्हन हंटर्स' नावाचा संघ होता, त्यातून ते खेळले. त्यानंतर ते 'कमर क्लब' या त्या काळच्या शहरातील नावाजलेल्या संघात गेले. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल-उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी मुले शिकविली. काचीगुडा हे नाव आपल्याला परके नाही. मनमाडहून निघालेली मीटरगेजची जुनी गाडी आपल्या गावावरून, जालना, परभणी, नांदेड करीत शेवटी जेथे जाऊन थांबे, तेच हे काचीगुडा. मध्यंतरी त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांचे काम त्यांच्याकडे आले. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि मरेपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, ते काम त्यांनी सोडले नाही.

येथे एक तुलना करण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याचा तो खेळ आहे. पण तोही कॉलेजांतच वाढला. तेथे येल विद्यापीठाचा विल्यम हेफेलफिंगर नावाचा एक धिप्पाड खेळाडू १८९० च्या सुमारास देशभर गाजला. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्ग येथे एका सामन्यासाठी त्याने ५०० डॉलर घेतले आणि मोबदला घेऊन खेळलेला पहिला खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. मग त्याने दोनतीन विद्यापीठांच्या संघांना शिकविले, आणि नंतर मिनिआपोलिसला जाऊन व्यापारात शिरला. कॉलेजचा खेळाडू, मग कोच, मग व्यापारी, ही त्या देशातील तेव्हाची एक रुळलेली वाट होती. मैदानावर मिळविलेले नाव दुकानाच्या पाटीवर उपयोगी पडे. त्यात काही कमीपणा आहे असे आम्ही मानीत नाही. खेळाचे वय सरल्यावर माणसाने पोट कसे भरावे, हा प्रश्न खराच आहे. आमच्या रहीमसाहेबांच्या पायांखाली मात्र ती वाट नव्हती. ते कॉलेजातून मैदानावर आणि मैदानावरून वर्गात गेले, व शेवटपर्यंत या दोन जागांच्या मध्येच फिरत राहिले. त्यांची पुंजी म्हणजे त्यांचे विद्यार्थी.

ते शिकवीत होते तो खेळ तेव्हा कोणत्या अवस्थेत होता हे समजल्याखेरीज त्यांच्या कामाचे मोल कळावयाचे नाही. हा खेळ आपल्याकडे गोऱ्या पलटणींनी आणला. मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्या विजयाने सारा देश थरारला. मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ पासून चालू होती, पण ती प्रथम एका हिंदी संघाने, बंगलोर मुस्लिम्सने, जिंकावयास १९३७ साल उजाडले. म्हणजे खेळाडूंच्या अंगी कसब होते, पण ते ज्याच्या त्याच्या पायांत होते, संघात उतरलेले नव्हते. पाच आघाडीला, तीन मध्ये, दोन मागे अशी जुनी मांडणी चाले. चेंडू मिळाला की जोरात पुढे मारावयाचा किंवा एकट्यानेच तो पायाशी खेळवीत चार जणांना चुकवीत जावयाचे, आणि प्रेक्षकांनी वाहवा करावयाची. मैदानात पाणी साचले असले, किंवा समोर बूट घातलेला धिप्पाड गडी आला, की हे कसब लंगडे पडे.

रहीमसाहेबांनी यावर जो उपाय काढला तो निव्वळ मास्तराचा उपाय होता. मुलाला गणितात जे येत नाही तेच चांगला मास्तर त्याच्याकडून पुन्हा पुन्हा घोटवून घेतो. त्याचप्रमाणे त्यांनी हैदराबादेत चमत्कारिक नियमांच्या स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेत खेळाडूने फक्त आपल्या कच्च्या पायानेच चेंडू मारावयाचा, म्हणजे उजव्या पायाचा खेळाडू असेल तर डाव्या पायाने. दुसऱ्या स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवीत नेण्यास बंदी. आला की सोबत्याला द्यावयाचा आणि रिकाम्या जागेत धावावयाचे. ज्यांना एकट्याने मिरविण्याची सवय होती त्यांची या स्पर्धांत कशी गाळण उडत असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. पण अशा एकदोन मोसमांतून तावून निघालेल्या मुलाला दोन पाय असत. आणि चेंडू आपला नाही, संघाचा आहे, हे त्याला उपदेशाने नव्हे, नियमाने कळलेले असे. शाळेच्या वेळापत्रकात बसेल अशी ही पद्धत होती. तिला पैसा लागत नव्हता, परदेशी तज्ज्ञ लागत नव्हता. लागत होता तो फक्त रोज संध्याकाळी मैदानावर येणारा एक शिक्षक.

आता पोलिसांविषयी. हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ १९३९ साली उभा राहिला. निजामाच्या पोलिसांबद्दल मराठवाड्याच्या मनात काय होते, हे या सभागृहात सांगावयास नको. त्या काळात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या घरची माणसे आजही आपल्या शहरात आहेत. परंतु इतिहासाची एक खोड असते. ज्या खात्याला आपण एका अंगाने ओळखतो, त्याला दुसरेही अंग निघते. पोलिस अ‍ॅक्शन होऊन दोन वर्षेही लोटली नव्हती, तोच १९५० साली रहीमसाहेबांनी या संघाचे मार्गदर्शन हाती घेतले. त्याच वर्षी या संघाने दिल्लीची ड्युरँड स्पर्धा मोहन बागानला हरवून जिंकली आणि मुंबईचा रोव्हर्स करंडकही पटकावला. १९५० पासून १९५४ पर्यंत रोव्हर्स करंडक सलग पाच वर्षे हैदराबादलाच गेला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर कलकत्त्याचे नामांकित संघ येत, स्थानिक गिरण्यांचे आणि कंपन्यांचे संघ उतरत, आणि दरसाल शेवटी करंडक उचलून नेत ते हैदराबादचे हवालदार आणि शिपाई. ज्या संस्थानाला कालपर्यंत हिंदी संघराज्यात यावयाचेच नव्हते, त्याचे पोलिस आता सबंध देशाला खेळ कसा खेळावा हे दाखवीत होते. विलीनीकरणाचे राजकीय काम पटेलांनी केले. मनाच्या विलीनीकरणाचे थोडेसे काम या खेळाडूंनीही केले, असे म्हणावयास आमची हरकत नाही.

देशाच्या संघाचे कामही लवकरच त्यांच्याकडे आले. मार्च १९५१ मध्ये दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून हिंदुस्थानने सुवर्णपदक मिळविले. तो एकुलता एक गोल मेवालालचा, आणि कर्णधार शैलेन मन्ना. लोक खूश झाले. पण पुढच्याच वर्षी, १५ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्यावर १०-१ अशी मात केली. उत्तरेकडील त्या थंडीत आपले कित्येक खेळाडू बुटांशिवाय खेळले. अनवाणी खेळणे ही १९११ साली मर्दुमकी होती, १९५२ साली तो हट्ट ठरला. फुटबॉल महासंघाने यानंतर बूट सक्तीचे केले.

या पराभवानंतर रहीमसाहेबांनी जे केले ते आम्हांला त्यांच्या सर्व करंडकांपेक्षा मोठे वाटते. पराभव झाला की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. एक तर नशिबाला दोष देतात, किंवा कोणाला तरी काढून टाकतात. या मास्तराने उत्तरपत्रिका पुन्हा तपासली. युरोपात खेळ बदलला होता. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने इंग्लंडला लंडनच्या वेंबली मैदानावर ६-३ असे हरविले, तेव्हा हे साऱ्या जगाला कळले. हंगेरीचा मधला आघाडीवाला हिदेगकुटी हा पुढे न राहता मागे सरकून खेळे. त्याला धरावयास निघालेला इंग्रज बचावपटू जागा सोडी, आणि त्या भगदाडातून इतर आत शिरत. ही मागे सरकलेल्या आघाडीवाल्याची युक्ती रहीमसाहेबांनी आपल्या संघात आणली. मागे दोघांऐवजी तिघांना उभे करून बचाव भक्कम केला. त्यांच्या मुलांना चेंडू एका स्पर्शात पुढे देण्याची सवय आधीच जडलेली होती, म्हणून नवी मांडणी त्यांना जड गेली नाही. घोटून घेतलेला पाठ असा कामास येतो.

मेलबर्नला याची परीक्षा झाली. येथे हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण या विजयाभोवती पुष्कळ फुगवटा जमला आहे. त्या ऑलिंपिकमध्ये कित्येक देशांनी माघार घेतली होती आणि फुटबॉलला अकराच संघ उरले होते. आपली पहिली गाठ हंगेरीशी पडावयाची होती, पण हंगेरीत उठावानंतर रशियन रणगाडे शिरले होते, तो संघ आलाच नाही आणि आपण न खेळता पुढे गेलो. हे सगळे खरे. पण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच भूमीवर चार गोल केले ते काही कोणी माघार घेतल्यामुळे नव्हेत. त्यांतील तीन नेव्हिल डिसूझा या मुंबईत खेळणाऱ्या गोमंतकीय तरुणाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला आणि पहिला गोल आपणच केला, तोही नेव्हिलचाच. शेवटी आपण ४-१ असे हरलो आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरविल्यामुळे पदक हुकले. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढविले त्यांच्याशी आपण दुसऱ्या अर्ध्यात काही काळ पुढे होतो, ही रहीमसाहेबांच्या कामाची खरी पावती आहे. चौथा क्रमांक ही शोभेची गोष्ट झाली.

याच सुमाराची एक गमतीची नोंद. संतोष करंडकाच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन मोसमांत हैदराबादने जिंकल्या, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरला तो मुंबईचा संघ. दुसऱ्या वेळी तर हैदराबाद राज्य नाहीसे झालेलेच होते आणि आपण मुंबई राज्याचे रहिवासी झालो होतो. त्या दिवशी मराठवाड्यातल्या माणसाने टाळी कोणासाठी वाजवावयाची? ज्याच्याबरोबर दोनशेहून अधिक वर्षे सुखदुःखाने काढली त्याच्यासाठी, की ज्याच्या घरी वर्षापूर्वी हौसेने आलो त्याच्यासाठी? राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालात याचे उत्तर नाही.

आता पोटाच्या प्रश्नाकडे वळू. त्या वेळी आपल्याकडे पैसे घेऊन खेळणे हा उघड व्यवसाय नव्हता. खेळाडूला नोकरी द्यावयाची आणि संघात खेळवावयाचे, ही रीत होती. मुंबईला कंपन्या आणि रेल्वे, कलकत्त्याला मोठे क्लब, हैदराबादला पोलिस. म्हणजे आमचा हेफेलफिंगर ५०० डॉलर घेत नसे. तो शिपायाचा पगार घेई, आणि पाय थकल्यावर निदान पेन्शन मिळेल अशी आशा ठेवी. तुळशीदास बलरामची गोष्ट त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितली. सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुडा गावचा हा गरीब मुलगा. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला हैदराबादला सरावास बोलाविले. परंतु रोज इतके अंतर जावयाचे कसे? सायकल नव्हती, भाड्याने घ्यावयास पैसे नव्हते. तेव्हा रहीमसाहेबांनी त्याला सायकलच्या भाड्यासाठी रोजचे पैसे देण्याची व्यवस्था केली. त्या भाड्याच्या सायकलवरून आलेला मुलगा मेलबर्नला गेला, १९६० साली रोमला गेला, १९६२ साली जकार्ताला गेला. मधल्या काळात कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबाने त्याला नेले. असे एकामागून एक खेळाडू हैदराबादेहून बाहेर जात राहिले. गुरुजी तेथेच राहिले आणि पुढची तुकडी शिकवू लागले. शाळेत हेच चालते. दहावीची मुले जातात आणि मास्तर पुन्हा पाचवीच्या वर्गावर जातो.

रोमबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. हंगेरीकडून २-१ हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून ३-१ हार. कर्णधार पी. के. बॅनर्जी. रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहीद हकीम हाही त्या पथकात होता.

जकार्ताची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. १९६२ च्या आशियाई स्पर्धा तेथे भरल्या. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान या देशांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. आशियाई स्पर्धांची कल्पना ज्यांनी मांडली ते आपले गुरुदत्त सोंधी यांनी यास जाहीर हरकत घेतली. मग या स्पर्धांना आशियाई हे नाव तरी कसे द्यावे, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा बरोबर होता, पण त्याची किंमत मोजली मैदानावरच्या मुलांनी. जकार्तात आपल्याविरुद्ध संताप उसळला, भारतीय वकिलातीवर जमावाने हल्ला केला, आणि आपला संघ जेथे जाई तेथे त्याच्या नावाने हुर्यो होई.

सुरुवातही वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरविले. पुढे थायलंडला आपण ४-१ असे हरविले, पण त्या सामन्यात बचावाचा मुख्य आधार जर्नेलसिंग याच्या डोक्याला मार बसून टाके घालावे लागले. जपानवर २-० असा विजय त्याच्याविना मिळाला. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी. डोक्याला टाके पडलेल्या बचावपटूला बाहेर ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. रहीमसाहेबांना मात्र दुसरेच आठवले. कॉलेजात असताना जर्नेल आघाडीला खेळत असे. त्यांनी त्याला डोक्याला पट्टी बांधून थेट मधला आघाडीवाला म्हणून उतरविले. चांगल्या मास्तराला मुलाचा जुना प्रगतिपत्रकही ध्यानात असतो. सामना ३-२ असा जिंकला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामना. समोर तोच दक्षिण कोरिया. सेनायन मैदानावर सुमारे एक लाख लोक, आणि त्यांतील बहुतेक सारे आपल्याविरुद्ध. पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू मात्र आपल्या बाजूने ओरडत होते, असे आपल्या खेळाडूंनी पुढे आवर्जून सांगितले. राजकारणाने तोडलेले कधी कधी परमुलखातील गॅलरीत असे जोडले जाते. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून नुकताच उठला होता, तरी त्यालाच उभे केले. मधल्या फळीत गोमंतकाचा फोर्तुनातो फ्रँको. पुढे पी. के. बॅनर्जी, कर्णधार चुनी गोस्वामी, बलराम, हैदराबादचा युसुफ खान आणि पट्टी बांधलेला जर्नेल. सतराव्या मिनिटाला पी. के. ने गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलने दुसरा. कोरियाला शेवटी शेवटी एकच परतविता आला. २-१. एक पंजाबी शीख, बंगाली ब्राह्मण, हैदराबादी मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, तेलुगू आणि मल्याळी, अशी ती मंडळी एका उर्दू शाळेच्या मास्तराने एका पाठाला बसविली होती. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आजतागायत आपल्याला मिळालेले नाही.

जकार्ताच्या मैदानाकडेला उभ्या असलेल्या त्या माणसाचे आयुष्य तेव्हा संपत आले होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, रहीमसाहेब वारले. सिगारेट त्यांना फार प्रिय होती.

त्यांच्यामागे काय राहिले, याचा विचार करताना आम्हांला जरा कठोर बोलावेसे वाटते. त्यांनी व्यापार केला असता तर मागे दुकान राहिले असते, हिशेबाच्या वह्या राहिल्या असत्या, भागीदार असते. हेफेलफिंगरच्या देशात कोच गेला तरी कॉलेज राहते, मैदान राहते, तिकीटविक्री राहते, आणि त्या पैशावर पुढचा कोच येतो. हैदराबादेत शाळा, असोसिएशनचे चिटणीसपद, पोलिसांचा संघ आणि देशाचा संघ, ही चारही कामे एका माणसाच्या हातात एकवटली होती. तोपर्यंत ती एकमेकांना पोसत होती. मुलगा शाळेत सापडे, कच्च्या पायाच्या स्पर्धेत तयार होई, पोलिसात चिकटे आणि तेथून देशाच्या संघात जाई. तो माणूस गेल्यावर चार कामे चार ठिकाणी गेली आणि ही साखळी तुटली. १९६५ साली आंध्र प्रदेशने संतोष करंडक जिंकला, तो जुन्या पुंजीवर. पुढे नोकऱ्या कमी झाल्या, मैदानांवर इमारती आल्या, चांगला मुलगा दिसला की त्याला कलकत्ता ओढून घेई. यात रहीमसाहेबांचाही थोडा दोष आहे, असे आमचे मत आहे. ज्याने इतक्यांना शिकविले त्याने शिकविणारे तयार करण्याची एखादी कायम व्यवस्था बांधून ठेवावयास हवी होती. अर्थात हे म्हणणे सोपे आहे. शाळामास्तराच्या पगारात आणि त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात माणसाने आणखी किती करावे?

सरकारी मानसन्मान त्यांच्या वाट्यास आले नाहीत. मार्गदर्शकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तोपर्यंत त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. त्यांच्या जीवनावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट २०२४ साली आला, तेव्हा कोठे आपल्या शहरातील तरुणांनी हे नाव प्रथम ऐकले. मुलगा हकीम विमानदलात अधिकारी झाला, आंतरराष्ट्रीय पंच झाला आणि २०१७ साली त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला. तो २०२१ साली वारला. २०२० साली पी. के. आणि चुनी गेले, २०२३ साली बलराम गेला.

आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे शेवटचे पदक आपल्याला मिळाले ते १९७० साली बँकॉकला, कांस्यपदक. त्या संघाचा कर्णधार होता सय्यद नईमुद्दीन, हैदराबादच्या गल्लीतून पोलिसांच्या संघात आणि तेथून कलकत्त्याला गेलेला बचावपटू. पुढे तोही मार्गदर्शक झाला, आणि १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळविणारा तो पहिला फुटबॉल मार्गदर्शक ठरला.